चौथ्या मजल्यावरची खूण

तो मला पहिल्यांदा दिसला तो धुक्यातून. म्हणजे, धुकं त्याच्या चष्म्यावर होतं! तोंडाला मास्क, हातात औषधांची पेटी, आणि जिन्याच्या वळणावर स्वारी थेट माझ्या अंगावर.

"दिसत नाही का रे?"

"खरंच नाही दिसत," म्हणत त्याने चष्मा शर्टाला पुसला. आणि ते डोळे... जाऊ दे.

तापाची साथ आली, शाळा बंद पडली, तशी मी मावशीच्या मागेच लागले — मलाही ने! मावशी समाजसेविका. काम सोपं होतं. चाळीतलं एकेक दार वाजवायचं, तापाची चौकशी करायची, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायचं. घरात सगळे बरे असतील तर दारावर खडूने बरोबरची खूण, कुणी आजारी असेल तर गोल. गोल दिसला की तिथे 'धुकं' औषधं घेऊन जायचा. हे नाव मी ठेवलेलं; त्याने माझं नाव 'घाई' ठेवलं होतं.

"घाई, जिना उतरतेस की घरंगळतेस?"

"आधी चष्मा पूस, मग बोल!"

दुपारी खाली अंगणातल्या नळापाशी आम्ही दहा मिनिटं बसायचो, मध्ये एक अख्खी बादली ठेवून. त्या दहा मिनिटांसाठी मी दिवसभर पळायचे.

बुधवारी जिन्याच्या खिडकीतून दिसलं — तो आधीच येऊन बसलाय. त्याने हात केला. माझं एकच दार राहिलं होतं, चौथ्या मजल्यावरच्या शिंपीआजोबांचं. त्यांना दार उघडायलाच पाच मिनिटं लागायची. परवा तर ठणठणीत होते, माझा मास्क बघून "नाकावर सैल आहे गं" म्हणाले होते. मी दार वाजवलंच नाही. बरोबरची खूण केली आणि घरंगळले.

गुरुवारी आजोबांना खुर्चीत बसवून खाली आणलं. ओठ निळे पडले होते. शिलाई मशीनचा आवाज येत नाही म्हणून धुकं वर गेला होता, तेव्हा कळलं. दोन दिवसांचा ताप.

गाडी दवाखान्याकडे गेली आणि मावशी वळली. "वरची खूण कुणी केली?"

"मी," तो म्हणाला. "काल खडू माझ्याकडे होता."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "खोटं बोलतोय तो! मी केली. दार न वाजवता."

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आजोबा घरी येतील तेव्हा त्यांना सांगायचं. तोंडावर. तू."

"मला माहीत होतं," नंतर तो हळूच म्हणाला. "तुझ्या खुणेला लांब शेपूट असते. पण हात मी केला होता ना... तू लवकर यावीस म्हणून. रोज वाटतं तसं."

ज्या वाक्याची मी इतके दिवस वाट बघत होते, ते असं आलं. मला मान वर करता येईना. नळापाशी आम्ही पुन्हा बसलो नाही.

दहाव्या दिवशी वरून मशीनचा आवाज आला. आम्ही दोघं चौथ्या मजल्यावर पोचलो, तर माझा हात उचलेना.

"मी येतो आत. अर्धी चूक माझी आहे," तो म्हणाला. "घाई... सावकाश."

मी दार वाजवलं. मशीन थांबलं. आतून सपाता घासत येऊ लागल्या — फट्, फट्. पूर्ण पाच मिनिटं. मध्ये बादली नव्हती. त्याचा चष्मा धुक्याने भरला होता, आणि या वेळी तो पुसत नव्हता.

कडी निघाली.

"आजोबा," मी म्हणाले, "त्या बुधवारी मी आले होते..."