पताकांनी ऐकलेलं

त्या काळात लग्नाच्या जुन्या फिती माणसं एकट्यानं, दार लावून बघायला लागली होती. पूर्वी सगळं घर जमायचं, पोहे व्हायचे, कोण किती बारीक होतं यावर हसणं व्हायचं. आता आधी सुनेनं एकटीनं ऐकायचं आणि मग ठरवायचं, सासूला दाखवायची की नाही. कारण मुक्या चित्रांना वाचा फुटली होती. मांडवाच्या कोपऱ्यात कोण कोणाच्या कानात काय बोललं, ते दारावरचं तोरण सांगायचं. कित्येक संसार असे एका तोरणापायी मोडले. शहाणी माणसं खिडकीत तुळससुद्धा ठेवीनाशी झाली.

या विद्येला नाव पडलं होतं मूकश्रवण. मुक्या चित्रातला हरवलेला आवाज परत मिळवायचा.

रुक्माताई वैरागड्यांना मात्र तिची भीती नव्हती. भीती वाटावी असं त्यांच्या आयुष्यात होतं काय? पासष्टी ओलांडलेली बाई, अंगावर पांढरं नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ, आणि पूर्व विदर्भातल्या गावोगावी ज्यांच्या कीर्तनाला आयाबाया लेकरं कडेवर घेऊन येत अशी कीर्तनकार. रामाची, हरिश्चंद्राची आख्यानं त्या करतच. पण लोक वाट बघत ते त्यांच्या वडिलांच्या आख्यानाची. गार्डबुवांच्या.

दामोदर वैरागडे मँगनीजच्या छोट्या लाइनीवर मालगाडीचे गार्ड होते. ती लाइन आता राहिलेली नाही. रूळ उपटून नेले, भरावावर बाभळी माजल्या. सालईघाट स्टेशनाचा तेवढा दगडी फलाट उरला आहे, आणि त्याच फलाटावर दर माघात गार्डबुवांचा उत्सव होतो.

सालईघाटापुढं खडा चढ होता. गाडी फार भरलेली असली की इंजिनाला ती एका दमात ओढायची नाही. मग अर्धी गाडी वर नेऊन ठेवायची, आणि मागचा अर्धा तुकडा गार्डानं हातब्रेकवर सावकाश उतारानं मागं, स्टेशनात आणायचा. इंजिन परत येईतो तिथं थांबायचं. अशा वेळी गार्डाचा डबा सगळ्यात पुढं असे. दामोदरबुवांना गळा होता. डबा फलाटाला लागता लागता ते डब्याच्या सज्जात उभे राहून पदाची एक ओळ सोडत, आणि फलाटावरचे हमाल, बाजाराला निघालेल्या बाया, सगळे टाळ्या धरून 'विठ्ठल विठ्ठल' म्हणून उत्तर देत. पहिलं उत्तर बुवांच्या सहा वर्षांच्या लेकीचं. तो तिचा मान.

एके दिवशी ब्रेक धरला नाही. तुकडा फलाटावरून सुसाट निघाला आणि खाली नदीच्या वळणावर उलटला. आख्यान सांगतं, की बुवांना मरण समोर दिसत होतं, तरी त्यांनी हात उंच केला आणि पद म्हटलं: 'सुटला माझा हात, तू न सोडी हरी.' फलाट उत्तर देत राहिला, आणि बुवा नामात न्हात निघून गेले. इथं रुक्माताई थांबत. मंडपात पदराआडचे हुंदके ऐकू येत.

मग एक दिवस फीत सापडली.

अमेरिकेत आयोवा नावाच्या मुलखात एक म्हातारा होता. त्याच्या गावची मालगाडी बंद झाली, रुळांवर मक्याची शेतं उभी राहिली, आणि त्या माणसाच्या मनाला ते असं लागलं की जगात जिथं जिथं अशी लाइन मरायला टेकली असेल तिथं तिथं जाऊन तिची फीत काढायची, हा त्यानं नेमच केला. सालईघाटला तो नेमका त्या दिवशी होता. त्याच्या मागं फिती कुठल्याशा संग्रहात पडून होत्या. नातीनं त्या सगळ्यांना बघायला खुल्या केल्या, आणि उत्सवाचे कार्यवाह बंडूभाऊ काळमेघ धापा टाकत रुक्माताईंच्या दारात आले.

"ताई, बुवा हलतात! हात वर आहे, तोंड उघडं आहे. अन् तुम्ही आहात, परकर नेसून, मामाच्या शेजारी."

ताईंनी फीत पाहिली. रंग उडालेले, आवाज नाही. फलाटाच्या टोकाशी सांध्याच्या दांड्याजवळ गोपाळमामा उभे. मामा सांधेवाले होते, दांडा ओढून गाडीचा रूळ बदलणारे, आणि बुवांचे मेहुणे. सप्ताह चालू होता म्हणून फलाटभर कागदी पताकांची माळ बांधलेली. डबा येतो. मामांचा हात दांड्याकडे जातो, आणि छोटी रुक्मा तो हात धरून ओढते, टाळीला लावते. मामा हसतात, टाळी वाजवतात. बुवा हात उंचावून गात गात निघून जातात.

ती मामाचा हात ओढण्याची जागा सगळ्या जिल्ह्याला आवडली. बंडूभाऊंनी तिचं कॅलेंडर काढलं.

राहिला होता फक्त आवाज.

नागपूरच्या मूकश्रवण केंद्रात डॉ. अमृता उईके होत्या. लहान असताना आजीबरोबर त्यांनी ताईंचं कीर्तन ऐकलेलं.

"मुकं चित्र बोलतं कसं, ते मला माझ्या भाषेत सांग पोरी," ताई म्हणाल्या. "मला लोकांना सांगावं लागेल. नाहीतर म्हणतील, म्हातारीनं भूत बोलावलं."

"ताई, पखवाज शेजारी ठेवलाय, कोणी वाजवत नाहीये, अन् तुम्ही गाताय. पुडीला बोट लावलं तर काय होतं?"

"थरथर लागते."

"तशी प्रत्येक हलकी वस्तू आवाजानं थरथरते. पान, कागद, पडदा. डोळ्यांना दिसत नाही, पण चित्रात त्या वस्तूची कड केसाएवढी पुसट होते. यंत्र तो पुसटपणा मोजतं."

"अन् फीत तर थांबून थांबून चित्र काढते म्हणे. मधलं बोलणं गेलं ना वाया?"

"हाच तर प्रश्न होता. एका सेकंदात चित्रं दोन डझन, आणि आवाज तेवढ्यात शेकडो वेळा हलतो. पण आवाजाला चालायला वेळ लागतो, ताई. जवळच्या पताकेपर्यंत तो आधी पोचतो, लांबच्या पताकेपर्यंत मग. दोन चित्रांच्या मधल्या वेळात तो पंधराएक मीटर जातो. तुमची माळ त्याहून कितीतरी लांब आहे. म्हणजे एकाच चित्रात पहिली पताका आत्ताचं अक्षर ऐकतेय आणि शेवटची मघाचं. सगळ्या पताका ओळीनं वाचल्या की एकही अक्षर निसटत नाही."

ताई हसल्या. "कीर्तनात असंच असतं. पुढची रांग आधी डोलते, मागची मागून. मला मागच्या रांगेच्या मानेवरून कळतं, मघाशी मी काय बोलले ते."

"मग झालं तर. हेच सांगा लोकांना."

"नामासाठी बांधलेल्या पताका गं त्या," ताई गहिवरून म्हणाल्या. "नाम ऐकून बसल्यात साठ वर्षं."

उत्सवाच्या आदल्या दुपारी अमृताचा फोन आला. एकट्या या म्हणाली. बंडूभाऊंना आणू नका.

ताई गेल्या. अमृतानं चहा मागवला, तो कोणी प्यायलं नाही. मग तिनं चाकांचा खडखडाट वेगळा काढून ठेवलेला आवाज लावला.

आधी टाळ्या. फलाटाचा गजर, दाट. त्यावर एका लेकराचा उंच, खणखणीत स्वर: विठ्ठल, विठ्ठल. ताईंच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, कारण तो स्वर त्यांना ओळखू आला. मग लांबून, जवळ येत, एका पुरुषाचा आवाज.

"गोपाळ! सांधा! ब्रेक गेला! चढाला घाल, गोपाळ, चढाला घाल!"

फलाटापुढं एक आंधळी लाइन होती, चढावर जाऊन वाळूच्या ढिगाऱ्यात संपणारी. सुटलेल्या डब्यांसाठीच ठेवलेली. सांधा फिरवला असता तर डबे चढावर जाऊन आपोआप थांबले असते. एक दांडा ओढायचा होता. पडद्यावर मामांचा हात दांड्याकडे गेला. इवल्या रुक्मानं तो धरला आणि टाळीला लावला.

आवाज अगदी जवळ आला. आता तो फाटला होता.

"त्या पोरीला गप करा! अरे, कोणीतरी गप करा तिला!"

मग पताकांची माळ संपली, आणि आवाजही.

"पुन्हा लाव," ताई म्हणाल्या.

पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

"पद नाही?"

"नाही, ताई."

"मामानं सांगितलं मला ते पद. त्यानं ऐकलं म्हणाला. जन्मभर माझ्यामागं पखवाजाला बसला तो, अन् या जागी आलं की रडायचा. लोक म्हणत, काय भाव आहे." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "नाम नाही घेतलं एकदाही?"

अमृतानं नकारार्थी मान हलवली.

"माळेच्या पुढं घेतलं असेल."

"पताका संपल्यावर मला हो म्हणता येत नाही. नाहीही म्हणता येत नाही."

"तुझ्या शास्त्रात एवढी तरी जागा ठेवलीस. देव तुझं भलं करो." ताईंनी गार चहा उचलला, तसाच खाली ठेवला.

अमृता खाली मान घालून बोलली. "अजून एक करता येतं. बुवांच्या आवाजाचा साचा आता माझ्याकडे आहे. तेच पद त्यांच्याच गळ्यातून म्हणवता येईल. कोणाला फरक कळणार नाही. तुम्हालासुद्धा."

"करून ठेवलंस?"

"ठेवलंय."

"ऐकव."

आणि दामोदरबुवा गायले. सुटला माझा हात, तू न सोडी हरी. तीच फेक, तोच किंचित घोगरा खर्ज. मागं फलाटाचा गजर, लेकराचा स्वर. रुक्माताई डोळे मिटून ऐकत राहिल्या. जन्मभर लोकांना सांगितलं ते असं होतं. हे असंच असायला हवं होतं.

"दोन्ही घेऊन ये उद्या," त्या म्हणाल्या.

फलाट माणसांनी फुलला होता. बाभळींपर्यंत सतरंज्या. बंडूभाऊंनी कर्णे मागवलेले, आणि मंडपाच्या खांबाखांबाला कागदी पताका, अगदी फितीतल्यासारख्या. पूर्वरंग झाला. ताईंनी मागच्या रांगेची मान सांगून मूकश्रवण समजावलं तेव्हा लोक खूष होऊन हसले.

मध्यंतरात अमृता त्यांच्याजवळ आली. "कुठलं लावू?"

बंडूभाऊ मध्येच म्हणाले, "कुठलं म्हणजे? बाई, स्वच्छ येईल ते लावा. लोक आवाज ऐकायला आलेत, अर्थ तर ताईंनी कधीच सांगून ठेवलाय."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग अमृताकडे. "खरं ते लाव."

"ताई, विचार करा. या लोकांसमोर..."

"साठ वर्षं तो माणूस ओरडतोय पोरी, अन् आम्ही टाळ्या वाजवतोय. एकदा तरी कोणीतरी ऐकू दे त्याचं. मग मला जोडे मारायचे तर मारू देत."

त्या उभ्या राहिल्या. गळ्यातली माळ सारखी केली. "मायबापहो, आज एक मागते. उत्तर द्यायचं नाही. नाम घ्यायचं नाही. फक्त ऐकायचं. बुवा काय म्हणतात, ते शब्द ऐकायचे."

लोकांनी हात जोडले. लहान लेकरांना मांडीवर दाबून धरलं. मंडप इतका शांत झाला की पताकांचा कागद वाजलेला ऐकू येत होता.

कर्ण्यातून टाळ्या आल्या, आणि लेकराचा स्वर आला. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. मग बुवांचा आवाज.

"गोपाळ! सांधा..."

"बुवा!" बंडूभाऊंचा हुंदका फुटला. मागून कोणीतरी टाळी धरली, ती चुकून, सवयीनं. दुसऱ्यानं तिला ताल दिला. आणि कर्ण्यातलं लेकरू 'विठ्ठल' म्हणत होतं, त्याला उत्तर द्यायला का कोणाला शिकवावं लागतं? सबंध फलाट उठला. विठ्ठल, विठ्ठल. बायका रडत होत्या, पुरुष नाचत होते, आणि चढाला घाल, चढाला घाल, हे शब्द त्या गजरात भिजून वाहून गेले.

"थांबा," ताई म्हणाल्या. कोणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी थांबवायला दोन्ही हात उंच केले.

कीर्तनकारानं दोन्ही हात उंच केले की गजर वाढवायचा असतो, हे त्या मंडपातल्या दुधपित्या पोरालाही ठाऊक होतं. या बाईनंच ते तीन पिढ्यांना शिकवलं होतं. गजर वाढला. समोर बसलेली एक चिमुरडी, परकर नेसलेली, उठून सगळ्यांहून उंच स्वरात म्हणू लागली, आणि आईनं कौतुकानं तिला खांद्यावर घेतलं.

"गप करा तिला," रुक्माताई ओरडल्या. घशाच्या शिरा ताणून ओरडल्या. "अरे, कोणीतरी गप करा!"

लोकांना दिसली ती हात उंचावून, तोंड उघडून, देहभान विसरलेली गार्डबुवांची लेक. शेकडो मोबाइल वर झाले आणि ते रूप टिपू लागले. तिच्या डोक्यावर, खांबाखांबाला, कागदी पताका थरथरत होत्या.