कुंकवाखालचा क्रमांक

दसऱ्याच्या सकाळी आबांनी बियाणेघराचं दार उघडलं, पण आतून गार हवा आलीच नाही. भिंतीवरचा तापमापक एकोणीस अंश दाखवत होता. रोज तो पाचावर असायचा. पंखे थांबले होते. कोपऱ्यातल्या यंत्राच्या पडद्यावर एकच ओळ होती :

'ही आवृत्ती चौसष्ट बिटी प्रोसेसरसाठी आहे. या यंत्रावर चालणार नाही.'

आबांनी बटण बंद करून पुन्हा चालू केलं. तीच ओळ. आणखी एकदा केलं. तीच ओळ.

खोलीत काचेच्या बरण्यांमध्ये एकशे चाळीस वाणांचं बी होतं. आबांच्या पत्नी शुभांगीआजींनी ते बावीस वर्षं गावोगाव फिरून जमवलं होतं. काही वाण तर आता दुसरीकडे कुठेच उरले नव्हते. खोली थंड आणि कोरडी ठेवणारा प्रोग्रामही आजींनीच लिहिला होता. आजी ज्येष्ठात गेल्या. त्यानंतरचा हा पहिला दसरा.

"आबा, सोनं घ्या!" आपट्याची पानं घेऊन सावनी आत आली आणि दारातच थांबली. ही त्यांची नात, सहावीत शिकणारी. "एवढं गरम का झालंय? काल काय केलंत तुम्ही?"

"केलं काय! खंडेनवमीची पूजा केली. तुझी आजी त्या दिवशी प्रत्येक हत्याराला काहीतरी नवं द्यायची. विळ्याला मूठ, पोहऱ्याला दोर. मग यंत्राला काय द्यायचं? म्हणून ग्रंथालयात जाऊन कार्डावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम (यंत्राचे भाग आणि प्रोग्राम यांच्यातला कारभार पाहणारी व्यवस्था) भरून आणली. बारावी आवृत्ती. सगळ्यात नवी. काल संध्याकाळी कार्ड बसवलं आणि दिवा लागलेला बघून घरी गेलो."

"आणि कार्डावरचं जुनं?"

"पुसलं गेलं." आबांनी यंत्राकडे पाहिलं. "तिचा प्रोग्रामही गेला का गं?"

सावनीने वाकून यंत्राची मागची बाजू पाहिली. "नाही. तो या वेगळ्या डिस्कवर आहे. पण त्याला उठवणारंच कोणी नाही. किती वेळ आहे आपल्याकडे?"

"गार बरण्यांवर दव धरायला लागलंय. ओलावा आत शिरला, की बी जागं होतं. जागं झालेलं बी पुन्हा साठवता येत नाही. संध्याकाळपर्यंत पंखे फिरायलाच हवेत."

"मग उचला यंत्र."

ग्रंथालय बंद होतं, पण खिडकीत नाम्या होता. नाम्या म्हणजे ग्रंथालयाचा यंत्रमानव. सुट्टी माणसांना, नाम्याला नाही.

"आबा, काल तुम्ही नुसतं कार्ड आणलंत," तो म्हणाला. "पायाचं माप न देता चप्पल मागितलीत."

"मग विचारायचं होतंस की, दीडशहाण्या!"

"विचारायला हवं होतं. निम्मी चूक माझी. यंत्राचा क्रमांक सांगा."

क्रमांकाची पट्टी झाकणावर होती आणि तिच्यावर कालच्या हळदकुंकवाचा जाड थर होता. सावनीने ओढणीचं टोक पुढे केलं आणि आबांकडे पाहिलं. आबा क्षणभर थांबले. मग त्यांनी स्वतःच्याच अंगठ्याने कुंकू पुसलं.

नाम्याने क्रमांक वाचला. "हा बत्तीस बिटी प्रोसेसर आहे. प्रोसेसर म्हणजे आज्ञा वाचून त्या पार पाडणारी चिप. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढंच मावणारी जागा. हा एका घासात असे बत्तीस बिट घेतो. नवे प्रोसेसर चौसष्ट घेतात."

"मग यानं दोन घासांत खावं," आबा म्हणाले.

सावनी हसली. "आबा, दुफण आणि चौफण आठवा, दोन फणांची पाभर आणि चार फणांची. पेरताना वरच्या चाड्यात, त्या लाकडी वाटीत, बी सोडलं, की ते नळ्यांतून फणांपर्यंत जातं. चौफणीवर दोनच ओळी पेरायच्या असल्या तर काय करता?"

"दोन भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबतो."

"आणि दुफणीवर चार ओळी?"

"कशा पेरणार? फणच नाहीत." आबा बोलता बोलता थांबले. "म्हणजे नव्या प्रोसेसरला जुनं काम जमतं, पण जुन्याला नवं जमत नाही?"

"बहुतेक वेळा तसंच," नाम्या म्हणाला. "बाराव्या आवृत्तीतल्या आज्ञा चार फणांसाठी लिहिल्या आहेत. तुमच्या चिपला त्या वाचताच येत नाहीत. ती बिघडलेली नाही."

ती बिघडलेली नाही, हे ऐकून आबांना धीर आला. पण आता ते नव्याला भ्यायले होते. "मग सगळ्यात जुनी दे. पहिली आवृत्ती. भानगडच नको."

"तीही चालणार नाही," सावनी म्हणाली. "आजीने ओलावा मोजणारी उपकरणं नंतर बसवली. पहिल्या आवृत्तीला ती ओळखताच यायची नाहीत. नाम्या, बत्तीस बिटी प्रोसेसरसाठी बनवलेली शेवटची आवृत्ती कोणती?"

"नववी. तिची दोन रूपं आहेत, एक बत्तीस बिटी, एक चौसष्ट बिटी. आणि नववीच्या चुका आता कोणी दुरुस्त करत नाही. त्यांतून कोणी आत घुसू नये, म्हणून यंत्र इंटरनेटला जोडायचं नाही."

"नववी. बत्तीस बिटी," आबा ठामपणे म्हणाले. "भर. आणि या खेपेला यंत्रात लावून दाखव. त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

नाम्याने कार्ड भरून यंत्रात बसवलं. पडद्यावर आजींच्या प्रोग्रामचं नाव उमटलं. आबांनी ते दोनदा वाचलं.

दुपारी एक वाजता बियाणेघरातले पंखे फिरायला लागले. तीन वाजता पारा अकरावर आला. आबांनी एकेक बरणी बाहेरून कोरडी पुसली, झाकण घट्ट केलं आणि मगच जेवायला बसले.

"हे यंत्र कधीतरी थकेलच," सावनी म्हणाली. "मोठी झाले, की आजीचा प्रोग्राम चौसष्ट बिटी यंत्रासाठी आणि नव्या आवृत्तीसाठी नव्याने लिहीन."

"मोठी कशाला व्हायला हवंस? दिवाळीच्या सुट्टीत लाग कामाला. नाम्याला मदतीला घे, निम्मी चूक त्याचीच आहे. आणि आधी माप, मग चप्पल."

आबांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बत्तीस बिट. नववी आवृत्ती. यापुढची घालू नये.' ती त्यांनी यंत्राशेजारी टांगली. हळदकुंकू त्यांनी पुन्हा लावलं, पण पट्टी सोडून, बाजूला.

मग त्यांनी प्रोग्राममधली शेवटची नोंद उघडली. ती आजींनी वैशाखात केली होती. बी ओल्या कापडात ठेवून त्यातलं किती उगवतं, ते मोजायचं काम आजींनी हाती घेतलं होतं. एकशे तीन वाणांसमोर खुणा होत्या.

आबांनी कापड भिजत घातलं. सदतीस वाणांची उगवण चाचणी अजून व्हायची होती.