उजवीकडची वाट

ही गोष्ट ऐकीव नाही, आमच्या घरातली आहे. विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण यात एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

राइली ही माझी मावसनणंद, माझ्या फिनिश नवऱ्याची मावसबहीण. फिनलंडमध्ये साइमा तलावावर ‘वेल्लिका’ नावाची वाफेची जुनी बोट चालते, तिची ती कप्तान. खाली इंजिनापाशी तिचे वडील, ओइवा. वय एकाहत्तर. बोटीच्या वयाची शंभरी कधीच उलटलेली, आणि तिची नाडी त्यांच्याशिवाय कुणालाच कळत नसे.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार होता. वर्षातली शेवटची फेरी. किनाऱ्यावरची झाडं पिवळीधमक, सव्वीस प्रवासी डेकवर फोटो काढण्यात दंग.

पावणेतीनला धुकं आलं.

हळूहळू नाही. एकदम... कुणीतरी वरून गोधडी टाकावी तसं.

राइलीने भोंगा दिला आणि समोरच्या जीपीएसच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर बोट अजून मागच्याच धक्क्याला उभी होती. तिने पडद्याला दोन थपडा मारल्या.

बोट तिथेच.

आता सगळी भिस्त कागदी नकाशावर.

सुकाणूशेजारी एक पितळी नळी आहे, खाली इंजिनघरापर्यंत गेलेली. दोन्ही टोकांना झाकणं. बापलेक तिच्यातून बोलत. राइलीच्या बाजूचं झाकण उघडंच असे.

बरोबर तीन वाजता नळीतून आवाज आला...

“राइली, डावीकडे घे.”

“खालून काय दिसतंय तुम्हाला बाबा? मासे?”

“डावीकडे घे म्हणतो ना!”

तिने हसत सुकाणू वळवलं. आणि उजव्या अंगाने एक काळा खडक सरकत गेला... इतक्या जवळून, की त्यावरचं शेवाळ हाताला लागलं असतं.

तिचं हसू मावळलं. त्यांना कळलं कसं?

दहा मिनिटांनी सिस्को वर आली. बोटीवरचा कॉफीचा गाळा ती बारा वर्षं सांभाळते. चेहरा पांढराफटक.

“राइली, ओइवा खाली पडलेत.”

“काहीतरीच काय! आत्ता तर बोलले माझ्याशी.”

सिस्कोने तिचा दंड धरला.

“कसे बोलतील? तोंड वाकडं झालंय गं त्यांचं. जीभ हलत नाहीये. अडीचला ठेवलेली कॉफी तशीच आहे, वर साय धरलीये...”

प्रवाशांत मार्केट्टा नावाची एक निवृत्त नर्स निघाली. ती खाली जाऊन आली. मेंदूला झटका, म्हणाली. अर्धा तास तरी झाला असेल. “वेळेवर दवाखान्यात पोचले तर वाचतील. मिनिटामिनिटाचा प्रश्न आहे, बाई.” आणि ती परत खाली धावली.

राइलीने वायरलेसवर हाका मारल्या. हेलिकॉप्टर धुक्यात येईना. पुढच्या, रिस्तिनिएमीच्या धक्क्यावर ॲम्ब्युलन्स उभी करतो, तुम्ही तिथे पोचा, एवढंच उत्तर आलं.

“जा, भट्टी सांभाळ,” ती सिस्कोला म्हणाली. “आणि त्यांचा हात सोडू नकोस.”

त्या धक्क्याच्या वाटेत मध्येच एक बेट आहे. डावीकडून वळसा घेतला तर चाळीस मिनिटं. तीच नेहमीची वाट. उजवीकडून सरळ गेलं तर पंधरा. पण नकाशात तिथे खडकांच्या खुणा आहेत, पाण्याच्या खोलीचा आकडा नाही. तिकडून कुणीच जात नाही.

बेट धुक्यातून वर आलं... आणि नळी बोलली.

“उजवीकडे घे.”

तोच आवाज. मधला तो कोरडा खोकलाही तोच.

“उजवीकडे, पोरी. लवकर.”

राइलीने नळीला तोंड लावलं.

“बाबा? तुम्हीच आहात ना? सिस्को, बाबा बोलतायत का? सिस्को!”

सिस्कोचा आवाज नाही. नुसता श्वास... ओलसर, जड.

“उजवीकडे.”

“आईचं नाव सांगा! बाबा, तुम्हीच असाल तर आईचं नाव सांगा!”

नळीतून नाव आलं नाही.

मग पुन्हा, रडवेला... “उजवीकडे...”

तिने सुकाणू थोडं उजवीकडे फिरवलंसुद्धा. मागे डेकवर एक लहान मूल खोकलं. सव्वीस माणसं. नकाशात आकडा नाही.

तिने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, नळीच्या तोंडात कोंबली, आणि सुकाणू डावीकडे घातलं.

टोपी थरथरत राहिली. राइलीने ती तळव्याने दाबून धरली. चाळीस मिनिटं... तळव्याखाली कुणाचा तरी ऊबदार श्वास लागत होता.

“माफ करा बाबा,” ती पुटपुटत होती. “थांबा, पोचलोच आपण. थोडं थांबा.”

धक्क्यावर डॉक्टर उडी मारून बोटीवर आले, खाली गेले, आणि मान हलवत वर आले.

ओइवा दहाच मिनिटांपूर्वी गेले होते.

“नळी?” सिस्कोने नंतर विचारलं. “खालचं झाकण तर घट्ट बंद होतं. मी हातसुद्धा लावला नाही. आणि तुझी हाक आलीच नाही गं खाली.”

मार्केट्टा हळूच म्हणाली, “बोलले नाहीत ते. पण ओठ सारखे हलत होते. एकच शब्द असावा... कोणता, ते कळलं नाही.”

याला तीन वर्षं झाली. बोट अजून चालते, राइलीच चालवते. दर फेरीला ते बेट येतं, आणि दर फेरीला ती डावीकडे वळते.

गेल्या महिन्यात ती आमच्याकडे जेवायला आली होती. मी मासे तळत होते. न राहवून विचारलं, “एखाद्या दिवशी होडीने जाऊन, दोराला दगड बांधून त्या वाटेची खोली बघत का नाहीस? दहा मिनिटांचं तर काम.”

माझा नवरा म्हणाला, “तू नको जाऊस. मीच मोजून येतो.”

राइली ताडकन उठली.

“खबरदार!” ती म्हणाली. “पाणी खोल निघालं, तर बापाला मी मारलं.”

ती दाराकडे गेली, आणि परत वळली.

“आणि उथळ निघालं...” ती माझ्याकडे बघत म्हणाली, “तर वहिनी, माझ्या बापाच्या आवाजात आम्हाला तिकडे बोलवत कोण होतं?”

तव्यावरचे मासे करपले. आमच्यापैकी कुणी हललं नाही.