लल्ला यामनांचा तास

बस अशी जवळ. हळू बोलते, माझ्या पोरीला, इत्तोला आत्ताच डोळा लागलाय.

आमच्या अझरू गावात सरकारी घड्याळ रमजानपुरतं एक तास मागे येतं आणि ईद झाली की पुन्हा पुढे जातं. माझ्या सासूबाईंनी, लल्ला यामनांनी, तो पुढे ढकललेला नवा तास कधी मानलाच नाही. "सूर्य काय सरकारला विचारून उगवतो?" म्हणायच्या. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ बारा महिने जुन्याच वेळेवर. आम्ही ते बघून मनातल्या मनात एक तास मिळवायचो.

यंदा रमजानात त्या गेल्या. ईदनंतर, रविवारी, यजमानांनी ते घड्याळ पुढे केलं. "आता कोण भांडणार आहे?" म्हणाले.

सोमवारी मला जाग आली. घड्याळात साडेसहा. सवयीने तास मिळवला... साडेसात! फजरची, पहाटेची अजान झोपेत हुकली, आता शाळाही हुकणार. बाहेर मिट्ट काळोख होता, पण नव्या तासात पोरं काळोखातच शाळेला जातात. म्हणून तर हा तास रद्द करा म्हणत मोहल्लाभर सह्या चालल्यात. इत्तोच्या हातात मध लावलेली पोळी दिली आणि पिटाळलं. सात वर्षांची पोर, एकटी.

दार लोटते न लोटते तोच अजान झाली. फजरची.

या रब! घड्याळ तर कालच पुढे केलेलं, तास मी दोनदा मिळवला होता! मी अनवाणीच धावले. रस्त्यावर देवदाराचा ओला वास. एकही कुत्रं भुंकत नव्हतं. शाळेच्या बंद फाटकाशी इत्तो बसली होती, मजेत.

"घाबरली नाहीस ना गं, एकटी?"

"एकटी कुठे? आजीने सोडलं."

"कोणत्या... आजीने?"

"आपल्याच. हात किती गार गं तिचा! म्हणाली, तुम्ही माझं घड्याळ पुढे केलंत, मग तो मधला तास मी कुठे काढू? रोज येत जा सोबतीला..."

घरी येताच मी घड्याळ मागे केलं. पण सरकारचा तास पुढेच आहे ना! तो रद्द झाला की सात रोजे धरीन, असा नवस बोललेय. सह्या वाढताहेत. अल्लाह ऐकेल.

तोवर इत्तो रोज तासभर आधी उठते आणि दप्तर घेऊन दाराशी उभी राहते. म्हणून मी दोन्ही कड्या घालते. खालची इत्तोच्या हाताला येते. वरचीला मलाही स्टूल लागतं. लल्ला यामना चांगल्या उंच होत्या.

आज पहाटे वरची काढलेली होती. खालची तशीच होती... इत्तोसाठी ठेवल्यासारखी.