मागच्या खोलीतली सवत

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मामीच्या बाबतीत घडलंय. तेही रात्री नाही. भर दुपारी, रविवारी, राहत्या घराच्या मागच्या खोलीत.

मामा रिटायर झाला आणि त्याला खूळ लागलं. वाफेवर खरंखुरं पळणारं, टेबलावर मावेल एवढं रेल्वे इंजिन स्वतःच्या हाताने बनवायचं! कुठलं बनवायचं, हे ठरवण्यातच कितीतरी महिने गेले. शेवटी जाणकार म्हणाले, पहिलंच आहे, चार चाकांचं साधं घ्या.

"मला पसंत करताना हे चहा संपेपर्यंतसुद्धा थांबले नव्हते," मामी हसत सांगायची. "सवत मात्र पारखून आणली हो!"

हळूहळू तिचं हसू आटलं.

मामा भरल्या ताटावरून उठून खोलीत जायचा. चाकं कानशीने घासताना लाडाने काहीबाही पुटपुटायचा. मामीशी दिवसभरात चार शब्द नाहीत. आपण लोखंडाचा हेवा करतोय याची तिला लाज वाटायची, पण जळायची ती जळायचीच.

त्या रविवारी ती भांडी घासत होती...

मागच्या खोलीतून आवाज आला.

छुक्... छुक्...

मग मामाचं हळू आवाजातलं बोलणं. आणि...

कुणीतरी हसलं. बाईचं हसू.

मामी तरातरा दारापाशी गेली. "झालं वाटतं सुरू तुमचं इंजिन!"

"काय म्हणालीस?"

उत्तर पुढच्या दारातून आलं. हातात पिशवी घेऊन मामा चपला काढत होता.

मामीने खोलीचं दार ढकललं.

आत कुणीच नव्हतं. टेबलावर नुसता सांगाडा आणि चाकं...

चाकं सावकाश फिरत होती. खोलीभर वाफ कोंदली होती.

"वाफ कुठून येणार?" मागून येत मामा म्हणाला. "अगं, बॉयलर अजून बनवलाच नाहीये."

तो घाबरला नव्हता. उलट खूश दिसत होता. मामीला तेच जास्त लागलं.

"या घरात एकतर ती राहील, नाहीतर मी!"

मामाने वाद घातला नाही. सांगाडा, चाकं, नकाशे, सगळं एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकलं. मामीचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर मामा सवयीने मागच्या खोलीत गेला. बसू दे बिचाऱ्याला, म्हणत मामी ओटा पुसायला लागली.

थोड्या वेळाने...

तेच हसू.

तिने दार उघडलं. रिकाम्या टेबलावर कोपरं टेकून मामा बसला होता. त्याने मानही वळवली नाही.

"दार लाव," तो म्हणाला. "तू आलीस की ती गप्प होते."

मामी आता माझ्याकडे असते. तिथे आता काय चालतं, हे ती मला विचारते.

मामाला मी फोन करतो. तब्येत विचारतो, जेवणाचं विचारतो. तो नीट उत्तरं देतो. आणि मध्येच खुदकन हसतो...

मी काहीच बोललेलो नसतो.