चितऱ्या मक्याचे दाणे

तुळजापूरहून निघालेल्या एसटीत हर्षालीला जागा मिळाली ती एका तरुणाशेजारी. त्याच्या मांडीवर मक्याचं एकच कणीस होतं… पांढरे दाणे, आणि त्यांवर जांभळी शाई शिंपडल्यासारखे ठिपके.

"हे द्याल मला?"

"बियाणं हाय, म्याडम. आईनं जपलेलं. आई गेली, वावरातली मका रानडुकरांनी खाल्ली… एवढंच ऱ्हायलंय."

हर्षाली धाराशिवच्या कॉलेजात मक्यावरच संशोधन करत होती. तिला राहवलं नाही. "रंगाच्या जनुकात दुसरं एखादं जनुक उडी मारून बसतं, तेव्हा रंग जातो. ते उठून गेलं, की तिथं ठिपका उमटतो. लाखो वर्षं स्वतःच्या नकला काढत अशा जनुकांनी मक्याच्या गुणसूत्रांचा निम्म्याहून जास्त भाग व्यापलाय."

"म्हंजे तुमच्यावानीच की," तो म्हणाला. "इचारलं न्हाय, पुसलं न्हाय… आन येऊन बसल्या शेजारी."

ती खिडकीकडं तोंड करून हसली. पंचाक्षरी त्याचं नाव. गाव अणदूर.

मग ती अणदूरला गेली, माती बघायला. पुढं काही कारण न सांगताच जाऊ लागली. बांधावर बसून तो हरभऱ्याचा ढाळा सोलायचा, कोवळे दाणे तिच्या तळव्यावर ठेवायचा. बोटं जरा जास्तच रेंगाळायची…

एके दिवशी त्यानं एक पुडी दिली. "भुंगा लागाय लागलाय. साठच दाणं चांगलं निघालं. तुझ्या तिथं फ्रीज हाय. निम्मं तपासायला घे, निम्मं मिरगाला पेराय माघारी."

"एवढा विश्वास?"

"मग काय, पावती लिहून घेऊ?"

तिचे तीस दाणे तपासणीत वाया गेले. अहवालाची तारीख जवळ आली, तेव्हा तिनं उरलेले तीसही कुटले. या वेळी हाती लागलं ते कुणी पाहिलं नव्हतं… उडी मारणाऱ्या जनुकाची एक वेगळीच जात. निबंध छापून आला, त्यावर तिचं नाव आलं. आणि रोज फोनवर ती आपणहून सांगायची, "दाणे सुखरूप आहेत हं."

मृगाच्या तोंडावर पंचाक्षरी इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात आला. "वावर तयार हाय. पेराय तू बी चल. बाबांना सांगितलंय तुझं…"

तिनं खरं ते सांगितलं.

तो बाकड्यावर बसला. "कधी?"

"मार्चात."

"म्हंजे तीन महिनं झालं. दाण्याचं जाऊ दे. भुंग्यानं खाल्लं असतं, तरी गेलंच असतं. पर तू रोज सांगत व्हतीस…"

"भीती वाटली. तू जाशील म्हणून. पंचाक्षरी… माझं खरंच प्रेम आहे तुझ्यावर."

"माझं बी हाय," तो म्हणाला. "म्हणून तर दाण्याचं कधी इचारलं न्हाय."

उठताना त्यानं बाकडं होतं तिथं सरकवलं, आणि तो जिना उतरून गेला. हर्षालीनं त्याला हाक मारली नाही.