आभाळाचा मुका

हसू नका रे पोरांनो, पण 'गगनचुंबी' म्हणजे आभाळाचा मुका घेणारी. बोलताना आपण नुसतं 'टॉवर' म्हणतो. तो भारदस्त शब्द जाहिरातीतला. माझी मेहुणी लिफ्ट दुरुस्त करते ना, तिच्यावर गुदरलेला प्रसंग आहे हा. गेल्या फेब्रुवारीतली मंगळवारची रात्र, साडेअकराचा सुमार. एका टॉवरची लिफ्ट अडली म्हणून फोन आला. ही हत्यारांची पिशवी उचलून निघाली.

काम झालं. रखवालदार दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, एकदा वर जाऊन बघा. फक्त फाटकावरच्या पाटीतला तो शब्द आत उच्चारू नका. लिफ्ट थेट गच्चीवर नेते."

"कुठला? गगनचुंबी?"

त्याने कानांवर हात ठेवले. "बांधकाम चालू असताना एक गवंडी गच्चीवरून पडला. त्याची बायको विचारत आली, तर मालक म्हणाला, असा कुणी इथे कामालाच नव्हता. तेव्हापासून हा शब्द ऐकला की तो गवंडी..."

"आणि मालक कुठे असतो?"

"इथेच की! सगळ्यात वरच्या मजल्यावर."

मेहुणी मुळात फटकळ, त्यात हे ऐकून तिचं डोकंच फिरलं. "त्याने माणूस गिळायचा आणि आपण शब्द गिळायचा? वा रे न्याय!" ती लिफ्टमध्ये शिरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गगनचुंबी!"

दार मिटलं. बटण न दाबता लिफ्ट निघाली. वर... आणखी वर...

थांबली.

दार उघडलं. मिट्ट काळोख. वारा. ओल्या सिमेंटचा वास. कठडा कुठे संपतो, कळेना.

"कुणी... बांधली?"

आवाज अगदी कानाशी. पण मेहुणी मागे सरली नाही.

"तू बांधलीस! तू! मग आम्हाला का छळतोस, दादा? तू इथे नव्हतासच म्हणणारा तुझ्या पायाखाली झोपलाय. जा ना, त्याला विचार!"

वारा पडला.

मग दार आपसूक मिटलं. लिफ्ट खाली आली.

सकाळी रखवालदाराने तिला बोलावून घेतलं. मालक रातोरात घर सोडून गेला होता. त्याच्या झोपायच्या खोलीच्या काचेवर, बाहेरच्या अंगाला, सिमेंटचा पंजा उमटलेला. तिथे ना सज्जा, ना शिडी.

मेहुणीने जवळ जाऊन पाहिलं.

बोटं खालच्या दिशेला होती.